तीन वाड्यांची तीन पुस्तकं

कायद्याचं राज्य पृथ्वीवर यायला हजारो वर्षं लागली. राजे गेले, गाद्या गेल्या, आणि शेवटी ज्ञानाचा दरवाजा शेवटच्या गावातल्या शेवटच्या मुलीसाठी सताड उघडला. पांगारखोलमध्ये तेवढा तो उघडला नाही, कारण समाजमंदिरातल्या कपाटाची किल्ली नालासोपाऱ्याला होती.

पांगारखोल हे दापोलीहून एसटीने तासाभराचं गाव. वाड्या तीन, गाड्या दोन, आणि मोबाईलची रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तीही वारा असेल तर. गावात राहणारी माणसं शंभर-सव्वाशे. गाव चालवणारी माणसं मुंबईत. मुंबईच्या मंडळाने ठराव करायचा आणि गावच्या मंडळाने तो पाळायचा, अशी कामाची वाटणी आजोबांच्या काळापासून चालत आलेली आहे. महिपत हा अकरा वर्षं गावच्या मंडळाचा अध्यक्ष. अध्यक्षपदाचे त्याचे अधिकार दोन: एक म्हणजे मुंबईहून आलेला निरोप तिन्ही वाड्यांत सांगणे आणि दुसरा म्हणजे तो सांगितला असं मुंबईला कळवणे.

या महिपतची मुलगी संस्कृती बारावीला होती आणि तिला वकील व्हायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात टीव्ही बघून शिरलं नव्हतं. तिची मालनआत्या नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर दोन वर्षं दापोलीच्या कोर्टात खेपा घालत होती, आणि सोबत म्हणून संस्कृती जायची. तारीख झाली की आत्या बाहेर येऊन बाकावर बसायची आणि विचारायची, "काय झालं गं आत?" ते तिला कोणीच सांगत नसे. संस्कृतीलाही सांगता येत नसे. त्या बाकावर तिने ठरवलं. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, त्यासाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रवेश परीक्षा. मार्क चांगले पडले तर सरकारी कॉलेज, नाहीतर काजूच्या बागेत आईला मदत. तिसरा रस्ता नव्हता.

शिमग्याला मुंबईकर आले, पालखी उठायच्या आधी सभा बसली, आणि महिपतने विषय काढला. सभा हरखून गेली. गावातली पहिली वकील! मुंबईच्या मंडळाचा सरचिटणीस विनोद, नात्याने महिपतचा चुलतभाऊ, उभा राहून म्हणाला की मुलीला अभ्यासाची पुस्तकं मंडळ देईल. टाळ्या पडल्या. सभा तिथेच संपली असती तर ही गोष्टही संपली असती. पण कोणीतरी विचारलं, पुस्तकं कोणती?

आता पांगारखोलमध्ये पालखीला पहिला खांदा वरच्या वाडीचा, दुसरा मधल्या वाडीचा, तिसरा खालच्या वाडीचा. हा मान मोडायची कोणाची छाती नाही. तेव्हा पुस्तकांनाही तोच न्याय लावावा असं वरच्या वाडीने सुचवलं. पहिलं पुस्तक वरची वाडी निवडेल, दुसरं मधली, तिसरं खालची. मधल्या वाडीने हरकत घेतली की पहिलं पुस्तक जाड असेल तर दुसरं बारीक चालणार नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. संस्कृती तेव्हा सभेला चहा देत फिरत होती. तिने बापापुढे कप ठेवला आणि कपाखाली वहीचा फाडलेला कागद. त्यावर तिला लागणाऱ्या पुस्तकांची यादी होती. महिपतने कागद घडी करून सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत ठेवला आणि हळूच म्हणाला, "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." आयत्या वेळचे विषय येईपर्यंत पालखी उठली. नंतर कोण बसतंय?

मार्च संपताना पुस्तकं एसटीच्या पार्सलने आली. प्लास्टिकच्या जाड कागदात गुंडाळलेली, वर लाल फीत. सोबत विनोदचा फोन. महिपत सड्यावर जाऊन उभा राहिला तेव्हा कुठे तो लागला. निरोप असा होता की पुस्तकं कपाटात ठेवावीत, एक मेला सत्यनारायणाच्या महापूजेला मुंबईकर येतील तेव्हा प्रदान सोहळा होईल, तोवर कागद कोणी सोडू नये, कारण फोटोत फीत दिसली पाहिजे. किल्ली कुठे आहे, असं महिपतने विचारलं. कुलूप नुसतं दाबलं की लागतं, किल्ली आपल्याकडे नालासोपाऱ्याला आहे, असं विनोद म्हणाला. महिपतने कुलूप दाबलं आणि लागलं असं कळवलं.

त्यानंतरचे दिवस त्या घराला फार जड गेले. संस्कृती रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, किल्ली?" महिपत सड्यावर चढायचा. कधी वारा नसायचा. कधी वारा असायचा तर विनोद मीटिंगमध्ये असायचा. एकदा विनोद भेटला तर म्हणाला, एकट्या सरचिटणीसाला किल्ली पाठवायचा अधिकार नाही, कार्यकारिणीत विषय घेतो. महिपत खाली आला आणि त्याने वैतागून गोठ्याच्या खांबाला लाथ घातली. खांबाला काही झालं नाही. काशी, त्याची बायको, भाताची पेज ढवळता ढवळता म्हणाली, "अवो, पूजा एक मेची आणि परीक्षा त्याच्या फुडं आठ-धा दिवसांनी. मग पोरीनं वाचायचं कवा, पंगतीत?" महिपत तिच्यावर ओरडला. उत्तर नसलं की तो ओरडायचा, हे काशीला माहीत होतं, म्हणून तिने वाईट वाटून घेतलं नाही. संस्कृती मात्र विचारायची बंद झाली. ते महिपतला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

बुधवारी हर्णैची हफीजा आली. बारा वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन सुकं विकायला येते. ओटीवर टोपली उतरवून तिने पाणी मागितलं. महिपतने नेहमीसारखा एक बोंबील उचलला, मोडून बघितला, हुंगला, परत ठेवला, दुसरा उचलला. काशी आतून तक्रार सांगत होती: किल्ली, फीत, सोहळा, सगळंच. हफीजा ऐकत होती.

"माझी उझमा गेल्या वर्षी बसली होती या परीक्षेला," ती म्हणाली. "आता रत्नागिरीला आहे, कायद्याच्या पहिल्या वर्षाला. तिच्या प्रश्नपत्रिका नि पुस्तक घरात पडून आहेत. येऊन घेऊन जा."

महिपतने मान हलवली. "नाय हफीजाबी. मंडळाची पुस्तकं येऊन पडलीत. अध्यक्षाच्याच घरात बाहेरची पुस्तकं दिसली तर मंडळाचा मान काय ऱ्हायला?"

हफीजाने पदराने तोंड पुसलं. "महिपतभाऊ, एक विचारू? कपाटात कोणती पुस्तकं आहेत?"

"चांगली आहेत. जाड आहेत."

"उघडून बघितलीत?"

"फीत आहे ना त्यांना."

"मुंबईवाल्यांनी बघितलीत?"

महिपतने हातातला बोंबील पुन्हा हुंगला. हफीजाने त्याच्या हातातला बोंबील काढून घेतला आणि त्याच्या नाकापुढे धरला.

"बारा वर्षं मी तुम्हाला सुकं विकते. एकदा तरी न हुंगता घेतलंत? पाव किलो बोंबलाला मोडून बघता, कुबट आहे काय, वाळू लागलीय काय, दहा खोडी काढता. मी रागावते काय? नाय. ज्याला खायचंय तो बघून घेणारच. आणि पोरीच्या अख्ख्या वर्षाला तुम्ही कागदसुद्धा सोडून बघितला नाय. परीक्षेला मंडळ बसणार आहे की ही बसणार आहे? तिला एकदा विचारलंत, बाय, तुला काय पायजे?"

संस्कृती दारात उभी होती. पाच दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"बाबा, तेहतीस दिवस राहिले."

महिपत उठला. आत गेला, फळीवरून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि समाजमंदिराकडे चालू लागला. मागोमाग संस्कृती, तिच्यामागे काशी आणि मागे टोपली ओटीवर टाकून हफीजा. मंडळाचं कुलूप भारी होतं, त्याला महिपतने हात लावला नाही. त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. सहावा स्क्रू निघाल्यावर कपाटाचं दार कुलपासकट त्याच्या अंगावर आलं. कुलूप शाबूत, मंडळाचा मान शाबूत आणि दार अध्यक्षांच्या कवेत, अशा अवस्थेत पांगारखोलमध्ये ज्ञानाचा दरवाजा उघडला.

पहिलं पुस्तक वरच्या वाडीचं. जातं उचलावं तसं ते उचलावं लागलं. संस्कृतीने फीत सोडली, दोन पानं उलटली आणि मिटलं. "बाबा, हा फौजदारी कायदा बदलला. दोन वर्षं होत आली. शिवाय हे वकील झालेल्या माणसांसाठी आहे."

दुसरं मधल्या वाडीचं. पोलीस भरतीचं मार्गदर्शक. वाडीतल्या एका भाच्याला ते लाभलं होतं म्हणे. मध्येच गोळाफेकीवर एक धडा होता, चित्रांसह.

तिसरं खालच्या वाडीचं. काळं कातडी कव्हर, सोनेरी अक्षरं, तिन्हींत देखणं. महिपतने ते स्वतः उघडलं. ती वकिलांची डायरी होती. प्रत्येक पानावर तारीख होती आणि खाली काहीही नव्हतं.

"हिच्यात तर काहीच लिहिलेलं नाय," महिपत म्हणाला.

"निदान चुकीचं तरी नाही," संस्कृती म्हणाली.

हफीजा हसली. मग काशी हसली. महिपतला हसू येईना. कपाटाच्या खालच्या कप्प्यात इतिवृत्ताची वही होती. त्याने ती उगाच, हाताला काही काम हवं म्हणून उचलली आणि तिच्यातून घडी केलेला कागद खाली पडला. शिमग्याच्या सभेतला. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्या मोबाईलवर फुकट मिळतात, दापोलीला छापून आणायच्या. सरावाचं एक पुस्तक, यंदाचं किंवा गेल्या वर्षीचं. रोजचा पेपर. खाली बारीक अक्षरात, "बाकी काही नको."

एवढंच. तीन ओळी. त्या वाचायला अकरा वर्षांच्या अध्यक्षाला पाच आठवडे लागले होते. गावातल्या प्रत्येकाचा मान त्याने सांभाळला होता. राहिली होती फक्त जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि मुलीकडे न बघता म्हणाला, "चुकलो गं बाय." अध्यक्ष या नात्याने हे वाक्य त्याने कधी उच्चारलेलं नव्हतं. बाप या नात्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो दापोली करून हर्णैला गेला आणि उझमाचा गठ्ठा घेऊन आला. पुस्तक एकच होतं, मोडकळीला आलेलं. प्रश्नपत्रिकांवर जिथे जिथे चुकलं तिथे पेन्सिलीची खूण आणि बाजूला का चुकलं ते. संस्कृती त्या दिवसापासून मागच्या पडवीत बसली ती उठलीच नाही म्हणा. महिपत सड्यावर जाऊन विनोदशी बोलला. विनोदने विचारलं, अध्यक्षांनीच कपाट फोडलं? महिपत म्हणाला, फोडलं नाही, दार काढलं, आणि आता ते परत बसवणारही नाही.

एक मेला महापूजा झाली. मुंबईकर आले, फणकारले, दार नसलेलं कपाट बघून आले, प्रसाद खाऊन शांत झाले. समाजमंदिराच्या छपरावर भोंगा लागला आणि महिपत माइकपुढे उभा राहिला. तो आजवर फक्त सूचना वाचत असे. त्या दिवशी तो बोलला.

"गाववाल्यांनो आणि मुंबईकरांनो, आपण पोरीला पुस्तकं दिली नाहीत. आपण एकमेकांना मान दिला आणि तो तिच्या डोक्यावर ठेवला! ज्याला शिकायचंय त्याला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी काही निवडू नका. पुस्तक जाड आहे की महाग आहे ते बघू नका, ते उघडून बघा. आणि कुलूप लावून ठेवायला पुस्तक म्हणजे काय दागिना आहे? हे माझ्या घरात घडलं. तुमच्याही घरात घडत असेल. पोरगं गप्प झालं म्हणजे त्याला पटलं असं समजू नका!"

मालनआत्याने डोळे पुसले. विनोदने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिचा आता कशालाच उपयोग नव्हता, पण त्याचा हेतू चांगला होता. टाळ्या थांबेनात. महिपतला जोर चढला. त्याने स्त्रीशिक्षण घेतलं, संविधान घेतलं, मुंबई आणि गाव यांचं नातं घेतलं. पाऊण तास झाला. तेवढ्यात काशी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने त्याच्या हातात चिठ्ठी दिली. माइकवर उभं असताना आलेली चिठ्ठी मोठ्याने वाचायची, ही महिपतची अकरा वर्षांची सवय. त्याने घडी उलगडली आणि तिन्ही वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली:

"बाबा, भाषण चांगलं आहे. पण भोंग्याचं तोंड आपल्या पडवीकडे आहे. तेवढं जरा फिरवता का? मला वाचायचंय."