दीड गोळी

“पूर्ण दीड गोळी घेता ना रोज?”

“घेतो ना, बाई. पट्ट्या मोजून घ्या. एकबी उरली नाई.”

रामाजी वासनिकांनी पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरबाईंचे जुने मदतनीस मधुकरराव यांनी चष्मा सावरला आणि बोटाने एकेक खळगा मोजला. महिन्याच्या पंचेचाळीस गोळ्या, पंचेचाळीस रिकामे खळगे. “बरोबर,” ते म्हणाले आणि रजिस्टरमध्ये खूण केली. पंधरा वर्षं ते हेच काम करत आले होते.

डॉ. पौर्णिमा थूल मात्र रामाजींच्या डोळ्यांकडे बघत होती. आष्टीच्या शाळेत भरलेल्या या शिबिरात सकाळपासून तीसेक पेशंट तिच्यासमोरून गेले होते. सगळे संथ ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, सगळे दीड गोळीवर. बहुतेकांच्या पापण्या सुजलेल्या, पोटऱ्यांत गोळे आलेले. प्रत्येकाला तिने एकच वाक्य सांगितलं होतं, “सूज येणारच, पण गोळी सोडू नका.” रामाजींचा चेहरा मात्र कोरडा, सुरकुतलेला आणि ठणठणीत होता.

तिने रिपोर्ट उलटला. रक्तातला आजार जवळपास नाहीसा झालेला. खालच्या ओळीत गोळीचं रक्तातलं प्रमाण होतं. ते असायला हवं होतं त्याच्या एक तृतीयांश भरलं होतं.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. सोमवारी राज्याच्या समितीपुढे ती आपला दीड गोळीचा डोस मांडणार होती आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होती. इतका ठळक पुरावा तिला आजवर कधी मिळाला नव्हता.

तिची सारी कारकीर्द अशाच एका आकड्यावर उभी होती. बोरगाव मेघेच्या दोन खोल्यांच्या घरातून सायकलने कॉलेजला जाणारी ही मुलगी. आधी लिम्फोमावर काम केलं, मग ल्युकेमियावर. २०१० साली तिने एकशे बारा पेशंटना फुकट गोळी देऊन अभ्यास सुरू केला. रोज एक गोळी. त्यातल्या बारा जणांच्या रक्तात औषध निम्मंच सापडायचं. पहिला सापडला तो आष्टीचा किराणा दुकानदार, नानाजी. माणूस घड्याळासारखा नेमका, कधी एक दिवस चुकला नाही, कधी एक गोळी उरली नाही. तरी चौथ्या वर्षी गेला.

नानाजींच्या निम्म्या आकड्याचा तिने अकरा वर्षं पाठलाग केला. यकृत तपासलं, जनुकं तपासली, बोअरचं पाणी तपासलं, लाखोळीच्या डाळीलाही सोडलं नाही. शेवटी लिहिलं, की या भागातल्या काही माणसांचं शरीर औषध लवकर तोडून टाकतं, त्यामुळे त्यांना दीड गोळी द्यावी. कोण तोडतं आणि कोण नाही हे आधी कळत नसल्याने सगळ्यांनाच द्यावी. पेपर छापून आला. जिल्ह्यात दीड गोळी सुरू झाली.

“बाबा, आज दोन नळ्या रक्त जास्त घेऊ?” तिने विचारलं. “तुमच्या अंगात गोळी टिकत नाही. दीडही कमी पडतेय. आपण दोन करू.”

रामाजींनी बाही वर सारता सारता हात थांबवला.

“दोन? मंग तं चौघायचं भागन.”

“चौघांचं?”

म्हातारा जरा गडबडला. मधुकररावांकडे बघितलं. मधुकरराव रजिस्टरात काहीतरी शोधू लागले.

“मी अर्धीच घेतो, बाई,” रामाजी म्हणाले. “मले पुरते. एक अर्धी अंतोऱ्याच्या बाईले देतो, एक त्या साहूरच्या पोराले. फुकट गोळीचं कार्ड नाई झालं त्यायचं अजून. दफ्तरातून फिरवून राह्यले बिचाऱ्यायले.”

“कधीपासून अर्धी घेता?”

“पयलेपासून. नानाजी देत होता ना.”

पौर्णिमाने पेन खाली ठेवलं.

“कोण नानाजी?”

“तुमचाच तं पेशंट. किराण्यावाला. आमी दोघंबी एकाच दिवशी आलतो तुमच्याकडं. त्याले तुमी घेतलं, मले नाई घेतलं. पासष्टच्या आतलेच पायजे म्हणे, अन् माह्या मतदार कार्डावर सहासष्ट होतं. यादीवाल्यानं माह्या भावाचं वय मले चिकटवलंतं. मी म्हटलं, बाई, माह्यापेक्षा माही बायको तरी मोठी दिसते. तुमी हसल्या. पण घेतलं नाई.”

तिला ते हसणं आठवलं नाही. पासष्टची अट आठवली. ती तिनेच घातली होती.

“बाकड्यावर बसून राह्यलो. नानाजी गोळ्या घेऊन भायेर आला. म्हणे, काऊन रे, तोंड पाडून बसला? मी सांगतलं. त्यानं खिशातून अडकित्ता काहाडला. सुपारीचा. गोळीचे दोन तुकडे केले अन् एक मले देला. म्हणे, एक तीळ सात जणायनं खाल्ला, ही तं गोळी हाये.” रामाजी हसले. “त्याची माय आमच्या हातचं पानी नाई पेली कधी. अन् ह्यानं मले चार वर्षं गोळी चारली. तो गेल्यावर माहं कार्ड झालं. त्याचं पाहून गोळी भेटलेले बाकीचेबी बाकड्यावरच्यायले वाटाले लागले.”

“बाकीचे किती?”

“असतील दहा-बारा.”

ती मधुकररावांकडे वळली.

“तुम्हाला माहीत होतं?”

मधुकररावांनी चष्मा काढला. “आपल्या खिडकीखालीच तर तोडत होते, मॅडम.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?” ते शांतपणे म्हणाले. “नियमच होता. वाटणाऱ्यालाही काढून टाकायचं. एकाऐवजी दोघं मेले असते. मला रिकाम्या पट्ट्या मोजायला सांगितलं होतं. मी मोजल्या.”

“अकरा वर्षं मी लाखोळीची डाळ तपासली, मधुकरराव.”

“हो. डाळ मीच आणून देत होतो.”

बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. दारात एक बाई आत डोकावून गेली, तिचे डोळे सुजेने अर्धे मिटलेले. पौर्णिमाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ही दीड गोळीची सूज कशासाठी होती? नानाजीने खिशात अडकित्ता बाळगला होता, म्हणून.

“एक विचारू का, बाई?” रामाजींचा आवाज उतरला. “अकरा वर्षं झाली त्याले जाऊन, कोनाले विचारलं नाई. नानाजी अर्ध्या गोळीनं गेला का? पुरी घेतली असती तं वाचला असता?”

उत्तर तिच्यासमोर फाइलीत होतं. नानाजींच्या आजाराचा, दुसऱ्या वर्षापासून वर चढत गेलेला आलेख होता. पूर्ण गोळीवर असलेल्या शंभर जणांपैकी नव्वद आजही जिवंत होते. कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “काही माणसांचं शरीर ही गोळी लवकर तोडून टाकतं. नानाजींचं तसंच होतं. पूर्ण घेतली असती तरी लागू पडली नसती.”

हे वाक्य तिने परिषदांमधून शेकडो वेळा म्हटलं होतं. खोटं आहे हे माहीत असून आज पहिल्यांदा म्हटलं.

रामाजींनी बराच वेळ मान हलवली. “तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तं तसंच असन.” मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“मधुकरराव,” पौर्णिमा म्हणाली, “बाहेर थांबलेत त्यांना जाऊ देऊ नका. सकाळी गेले त्यांना फोन करा. सगळ्यांची कार्डं परत घ्या. उद्यापासून एकच गोळी.”

“अन् सोमवारचं तिकीट?”

“असू द्या. जायचं तर आहेच. सांगायचं वेगळं आहे.” मग ती रामाजींकडे वळली. “त्या दोघांना उद्या माझ्याकडे घेऊन या.”

“त्यायले घ्यान? वय नाई विचारान?”

“नाही विचारणार.”

“पयले नाई झालं तुमाले हे,” रामाजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

शाळेच्या ओसरीवर खिचडीची भांडी वाजली. रामाजींनी घड्याळाकडे बघितलं. गोळी जेवणानंतरच घ्यायची असते. त्यांनी पिशवीतून नवी पट्टी काढली, मग पितळी मुठीचा अडकित्ता. नानाजी गेल्यावर त्यांच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, तो आपणहून आणून दिला होता, असं ते म्हणाले. सांध्यात केशरी भुकटी बसलेली होती, पंधरा वर्षांची.

“चुरा सांडते,” टेबलावर नजर फिरवत ते म्हणाले. “हा कागद घेऊ का, बाई?”

सोमवारच्या भाषणाचं पहिलं पान होतं ते. वर तिचं नाव, खाली बारा बिंदूंचा आलेख.

“घ्या,” ती म्हणाली.

रामाजींनी पान अंथरलं. अडकित्ता दोनदा वाजला. एक अर्धी स्वतःसाठी आणि एक उद्यासाठी बाजूला ठेवली, अंगठ्याने चुरा गोळा करून जिभेला लावला. मग पान मधोमध फाडून, दुकानदार बांधतो तशा दोन पक्क्या पुड्या बांधल्या. टोक आत खोचताना त्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं.

“हेबी त्यानंच शिकवलंतं,” ते म्हणाले.