वाऱ्याच्या बाजूची भिंत

चार दिवसांपासून गवंडी भिंतीला भोक पाडत होता आणि भिंत काही दाद देत नव्हती. बरं, भिंत दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यानंच दोन वर्षांमागं बांधलेली. एरवी त्याच्या हातची घरं पहिल्याच पावसाळ्यात गळायची. एका गोठ्याचा कोपरा तर म्हशीनं अंग घासलं म्हणून खाली बसला होता. आयुष्यात एकच काम भक्कम झालं, आणि नेमकं तेच फोडायची पाळी आली.

भिंत होती गाडीथांब्याच्या निवाऱ्याची. गाव माळावर, वारा सुटला की तोंडात माती. म्हणून वाऱ्याची बाजू गवंड्यानं पार छपरापर्यंत बंद केली आणि "आता बसा राजासारखं" असं गावभर सांगत सुटला. वारा येतो तिकडूनच गाडीही येते, हे शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. आत बसलेल्याला गाडी दिसेना, ड्रायव्हरला माणूस दिसेना. गाडी धुरळा उडवत सरळ निघून जायची. मग लोक समोर उन्हात उभे राहू लागले आणि सावलीत शेळ्या बसू लागल्या.

गवंडी मात्र आतच बसायचा. पडलो तरी नाक वर. या नाकापायी बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दोन तारखा हुकल्या होत्या. दोन्ही वेळा बाहेर गाडी थांबवायला दुसरं कुणी नव्हतं, तरी तिला शेळ्यांशेजारी बसवून तो म्हणाला होता, "बस गं, येतीय गाडी." आता चुलीपाशी तिचे हात भाजत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, या खेपेला चुकलात तर पुढचा नंबर सहा महिन्यांनी. आणि तारीख उद्यावर आली होती.

"अहो, बाहेर उभं राहू की," बायको म्हणाली. "चारचौघं राहतात तसं."

"खिडकी पाडतोय ना. आतूनच दिसंल गाडी."

"चार दिवस झालं ठोकताय. किती पडली?"

"मूठ जाईल एवढी."

"मग उद्या मूठ दाखवा ड्रायव्हरला."

शेळ्या हाकायला आलेला मेहुणा तिथंच टेकला. "दाजी, म्हैस आणू का? जरा अंग घासंल, मोकळे व्हाल."

गवंड्यानं छिन्नीवर हातोडा आणखी जोरात घातला.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो पुन्हा आतच बसला. समोर रस्ता सोडून उन्हात अर्धं गाव खिडकीची गंमत बघायला उभं होतं, त्यांच्यादेखत बाहेर येऊन उभं राहायचं म्हणजे हार. त्यानं भोकाला डोळा लावला. लांबवर धुरळा उठला. गाडीच होती, आणि भरधाव होती.

"आली," तो पुटपुटला.

ते ऐकून बायको पिशवी सावरत घाईनं उठली आणि बाहेर जाऊन तिनं हात वर केला. पण तोंड भलत्याच बाजूला. रिकाम्या रस्त्याकडं बघून ती हात हलवत होती, आणि थांबेल या आशेनं हसतही होती. आपल्या नाकाची गवंड्याला पहिल्यांदा किळस आली.

तो धावला आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. गाडी करकचून थांबली.

"मरायचंय का?" ड्रायव्हर खेकसला. "निवारा कशाला बांधलाय मग? शोभेला?"

"चुकलं साहेब," गवंडी सगळ्यांदेखत म्हणाला. "मीच बांधलाय. उलटा बांधलाय."

अर्धं गाव पोट धरून हसलं. त्या हशातच त्यानं बायकोला हात देऊन पायरी चढवली आणि मागोमाग स्वतः चढला.

तिसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली आणि दोघं परतली. गाडीतून उतरल्यावर बायको घराकडं वळलीच नाही. हातानं ऊन अडवून तिनं निवाऱ्याची भिंत खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळली.

"अहो, भिंत वाकडी आहे ही," ती म्हणाली. "वर जाताना डावीकडं कलली आहे."

"तुला दिसतंय?"

"लख्ख दिसतंय. प्लास्टरही एकसारखं नाही."

आजवर कामाला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाशी गवंडी भांडला होता. आज त्याचा ऊर भरून आला.

"आणखी काय काय दिसतंय?" तो म्हणाला. "सांग की."