खानदानी चाल

सकाळपासून गोजराबाई घरात नुसत्या येरझारा घालत होती. चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं, पोह्यांत मीठ टाकलं की नाही ते तिला आठवेना, आणि कान सारखा माजघराकडे. तिथं तिची चौदा वर्षांची साळू नवं लुगडं नेसून बसली होती. साळूला आज बघायला येणार होते, आणि साळूला जमिनीवरून धड उठता येत नव्हतं.

पोरगी मुळात अशी नव्हती. मुळशीच्या शाळेत खो-खो म्हटला की पहिलं नाव साळूचं. छप्पन साली पौडला तालुक्याचे सामने झाले, तेव्हा पाठलागावरच्या पोरी दमून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तरी ही काही सापडेना. गुरुजी भान विसरून टाळ्या पिटत होते. त्याच महिन्यात धरणापलीकडच्या एका बड्या घरातून साळूसाठी विचारणा आली आणि तिथून सगळं बिनसलं.

ते घर गोषाचं. तिथल्या बायका दिवसाउजेडी उंबरा ओलांडत नाहीत, पाणी गडी भरतो, देवाला जायचं तरी पडदा सोडलेल्या गाडीतून. 'पोरीला आत्तापासून गोषाची सवय लावा, जरा उजळू द्या,' असा त्यांचा निरोप होता. साळूचा बाप भिवाजी तसा वाईट माणूस नव्हे. पण बड्या घराचं नाव निघालं की हा गडी जागच्या जागी फुगायचा. त्यानं दुसऱ्याच दिवशी शाळा बंद केली. आणि गोजराबाईनं? तिनं हूं की चूं केलं नाही. उलट माजघराच्या खिडकीला गोणपाट ठोकलं ते तिनंच. लेक मोठ्या घरात पडणार म्हणून तिला हर्षच झाला होता. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

पहिले चार महिने साळू आत तडफडली. जात्याभोवती पळे, भिंतीला हात लावून माघारी फिरे, आईवर डाफरे. मग गप्प झाली. उंची वाढली, रंग उजळला, शेजारणी वाखाणू लागल्या. पुढं मांड्या ठणकतात म्हणू लागली, तेव्हा गोजराबाईनं आळशी म्हणून दोन धपाटे घातले. दीड वर्ष असं गेलं. आणि या दिवाळीत अभ्यंगाला पोरगी चालत आली ती बदकासारखी, या अंगावरून त्या अंगावर झुलत.

माहेरी जाते म्हणून गोजराबाईनं नवऱ्याला थाप मारली आणि साळूला गाडीत घालून पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं नडगीवर बोट दाबलं मात्र, साळू किंचाळली.

"उन्हात जाते का ही?" त्यानं विचारलं.

"दीड वर्सं झालं, न्हाई."

"मग काय होणार! अंगाला ऊन लागलं की ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर हाडांत चुना भरत नाही, हाडं मऊ पडतात. आणि हाडं घट्ट व्हायचं हेच तर वय. दूध द्या, माशाचं तेल देतो ते द्या, रोज उन्हात बसवा. दुखणं थांबलं की खेळू द्या, पळू द्या." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आणि लग्न एवढ्यात करू नका. कमरेचं हाड असंच दबत गेलं, तर पुढं मूल अडेल."

घरी येऊन तिनं भिवाजीला खरं ते सांगितलं. तो उखडला. "पुन्याचा पोरगा त्यो, त्याला काय कळतंय? एवढं चालून आलेलं घर मोडू व्हय? लगीन झालं की पाय आपसूक बरं हुत्यात."

मग गोजराबाईनं मनात एक बेत धरला. बघायला येतील ते मुलीला चालवून बघणारच. ही चाल बघतील आणि नाक मुरडून निघून जातील. आपल्याला तोंड उघडायला नको, नवऱ्याशी वाकडं नको. म्हणून आज ती देवाला एकच मागत होती, की माझ्या लेकीला नाकारू दे. कुठल्या आईनं असलं मागितलं असेल!

दुपारी पडद्याची गाडी आली. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ कोंडाजी ओटीवर भिवाजीजवळ बसला. मुलाची आई तुळजाबाई मागच्या दारानं माजघरात आली.

"चालून दाखीव, पोरी," ती म्हणाली.

साळू भिंत धरून उठली. दारापर्यंत गेली, माघारी आली, झुलत, ओठ दाताखाली दाबून.

तुळजाबाई खूश होऊन हसली. "हीच की आमच्या घरची चाल! आमच्या समद्या बायका अशाच चालत्यात. खानदानी चाल म्हनत्यात हिला. शिकवून येत न्हाई."

असं म्हणून ती उठायला लागली. एक हात गुडघ्यावर, दुसरा खांबाला, मग मांडीवर भार, मग कण्हत वर. साळू उठते तशीच, अगदी तशीच. गोजराबाईनं विचारलं,

"थोरल्या सूनबाई न्हाई आल्या, आक्कासाहेब?"

"ती गेली की. पयलटकरीन हुती, तीन दिस अडली. माजीबी चार झाली, त्यातली ही दोनच हाताला लागली. आमच्या घरात बाळंतपनं जडच." भाजीचा भाव सांगावा तसं तिनं हे सांगितलं.

ओटीवरून भिवाजीची हाक आली, "अगं, सुपारी आन! फोडून टाकू."

"न्हाई फुटायची सुपारी!" गोजराबाई ओरडली. तिनं साळूला काखेत धरून उभं केलं आणि सगळ्या पुरुषांदेखत ओटीवरून अंगणात नेलं. ऊन मी म्हणत होतं. घोंगडी अंथरून तिनं लेकीला त्यावर बसवलं. साळूचे डोळे उघडेनात.

"येड लागलं का तुला?" भिवाजी म्हणाला.

"हाडं मऊ पडल्यात पोरीची, मूल अडंल म्हनलाय डाक्टर. तुमी घरानं बघा, मी माजी लेक बघती. मीच कोंडली तिला, मीच बाहीर काडनार."

कोंडाजी ताडकन उठला. "अपमान करायला बलावलं व्हय आमास्नी? गाडी जुंपा रे!"

तुळजाबाई तोंडावरून पदर ओढून बाहेर आली आणि अंगण ओलांडताना साळूपाशी थांबली. आता शिव्याशाप येणार म्हणून गोजराबाईनं अंग ताठ केलं. तुळजाबाई तिच्याकडे वाकली आणि कोंडाजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"म्हाताऱ्या हाडांचं काय म्हनला का गं त्यो डाक्टर?"

गोजराबाईला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. गाडीचा पडदा वर धरून कोंडाजी आईला हाका मारत होता. गोजराबाईनं साळूला जरा पलीकडे सरकवलं आणि घोंगडीवर जागा केली.