मैनाबाईंचा एसी

वैशाखात एसी दुरुस्त करणाऱ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये. मला तर ते हिवाळ्यातही जमत नाही. त्यात अकोल्याहून मोटारसायकलला गॅसचं सिलिंडर बांधून खारपाणपट्ट्यातल्या त्या गावी भर उन्हात जायचं, म्हणजे डोकं आधीच तापलेलं.

तिथं बचत गटाच्या बायांनी एका खोलीत पतंग पाळले होते. पतंगांच्या अंड्यांत सुईच्या टोकाएवढ्या माश्या वाढवायच्या, ती अंडी कार्डावर चिकटवून कपाशीत बांधायची. मग त्या माश्या बोंडअळीची अंडी संपवतात. फवारणी करकरून हात टेकलेलं गाव यंदा या कार्डांवर विसंबलं होतं. पण खोली गार नसली की पतंग मरतात, आणि एसी कालपासून नुसती गरम हवा फेकत होता. किल्ली मैनाबाईंकडे असायची. त्या दारातच म्हणाल्या, "सरफराजभाऊ, पाखरं मरून राह्यली. काही तरी कर, बाप्पा."

बाहेरचं युनिट पाहिलं. पाइप जोडतात तिथला पितळी सर्व्हिस व्हॉल्व हिरवा पडून सडला होता. गॅस तिथूनच गेला होता. व्हॉल्व बदलण्यावाचून इलाज नव्हता.

जुना तापवून सोडवला. नवा झाळताना आतलं रबर जळू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळतात. मैनाबाईंनी बोअरचं पाणी आणून दिलं. झाळून होईस्तोवर फडकं वाळलं आणि त्यावर पांढरी खपली धरली. तीच खपली जुन्या व्हॉल्ववरही होती.

याच्यावर पाणी कोण टाकतं, मी विचारलं. मीच, त्या अभिमानानं म्हणाल्या, रोज दुपारी बादलीभर. कूलरच्या वाळ्यावर नाही का टाकत? माझा पाराच चढला. खारं पाणी पितळ खातं, पाखरं उन्हानं नाही, तुमच्यामुळं मेली, असं वाट्टेल ते बोललो.

साबणाचा फेस लावून गळती तपासली, पाइपातली हवा ओढून घेतली, गॅस भरला. खोली गार झाल्यावर त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला. बरेच पतंग मेले होते. उरलेत तेवढ्यांवर पेरणीपर्यंत पुन्हा वाढवता येतील, पण आता एसी बंद पडला तर काहीच हाती लागणार नाही, एवढंच त्या बोलल्या.

आठवड्यानं अकोटहून परतताना मुद्दाम तिकडे वळलो. दुपारची वेळ. मैनाबाई युनिटपाशी उभ्या, हातात पाण्याचा गडवा. मी गाडीवरूनच ओरडलो.

"खारं नाही हे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "टँकरचं गोडं हाय, माया वाटणीचं. मले बोअरचं चालते. याले उन्हात उभं राहा लागते ना."

मी गाडी उभी केली. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा ढीग होता. त्या आणून, हवेला वाट मोकळी ठेवून, युनिटवर छप्पर बांधलं. मैनाबाई दोरी धरून होत्या.

"आता याले ऊन लागत नाही, मावशी," मी म्हणालो. "हे पाणी तुमी प्या."

त्यांनी छपराखाली हात घालून सावली लागते का ते पाहिलं. मग अर्धा गडवा पाणी प्यायल्या आणि उरलेलं माझ्यापुढं धरलं.