शंकरप्पाची माती

ब्रिगेडिअर हॅलम यांनी सारी हयात फौजेत काढली. मिसरूड फुटायच्या वयात लेफ्टनंट होऊन सिकंदराबादच्या छावणीत उतरले, सरहद्दीवर गोळी खाल्ली, ब्रह्मदेशात अख्खी ब्रिगेड हाताखाली आली. छातीवर पदकांची दाटी झाली. घरी मात्र वाट बघणारं कुणी उरलं नाही. बायकोनं कधीच दुसरा संसार थाटला होता. ‘जेवलात का’ म्हणून विचारणारा एकच माणूस, त्यांचा अर्दली शंकरप्पा. तोही ब्रह्मदेशात तापानं गेला.

लढाई संपली, विलायतेला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा साहेब मोटार काढून शंकरप्पाच्या गावी, नळदुर्गला आले. एवढ्या नोकरीत एक काम तरी आपण मनापासून आणि चोख केलं, असं त्यांना वाटे. बढत्या मिळवून देणाऱ्या कामांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. हे एक काम शंकरप्पाच्या माणसांना कळावं, एवढीच आस होती.

शंकरप्पाचे वडील महालिंगप्पा यांनी घोंगडी अंथरली. शंकरप्पाची बायको रुद्रम्मा दाराआड उभी राहिली. साहेब आपल्या छावणीतल्या हिंदुस्तानीत सांगू लागले. शंकरप्पा गेला तेव्हा पाऊस कोसळत होता, शत्रू जवळ आलेला. शिपाई म्हणाले, खड्डा खणू आणि पुढं निघू. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. हिंदू माणूस, त्याला अग्नीच मिळाला पाहिजे! ओल्या लाकडांवर पेट्रोल ओतून साहेबांनी स्वतः चिता पेटवली, राख नदीत सोडली. शंकरप्पाच्या गळ्यातली चांदीची डबी जळू नये म्हणून आधीच काढून घेतली होती. ती घोंगडीवर ठेवून त्यांनी मोठ्या आशेनं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं डबी उचलून कपाळाला लावली. रुद्रम्माच बाहेर आली.

“साहेब, लिंगायत आमी. आमच्यात जाळत न्हाईत. मातीत बसवत्यात, डबीतलं ह्येच लिंग हातावर ठिवून. जल्मभर अंगावर आसतंय ते.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

“कुठं बसवलं आसंल त्यास्नी, ह्योच इचार करत हुते मी,” ती म्हणाली. “आता कुठं तोंड करून हात जोडू?”

साहेब मान खाली घालून माफी मागू लागले.

“तुमी जीव लावून केलं, त्ये कळतंय,” महालिंगप्पा म्हणाले. “भाकरी खाऊन जावा.”

म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

दिवस कलताना घरच्यांनी शेतात खड्डा खणला. रुद्रम्मानं विभूती लावून, बेलाची पानं घालून शंकरप्पाच्या जागी डबी आत ठेवली. साहेब मूठभर माती घेऊन पुढे झाले.

“मैं डालूं?”

“न्हाय साहेब,” म्हातारा हळूच म्हणाला. “घरच्यांनीच टाकायची आसती.”

हजारो माणसांना हुकूम सोडलेले साहेब मुकाट मागं सरले आणि टोपी काढून बांधावर एकटेच उभे राहिले. हातातल्या मातीचं काय करावं, ते त्यांना कळेना.