न हलता पाच मिनिटं

माझी बहीण भुंगी चार वर्षांची. दिवसभर गुणगुणत असते, म्हणून भुंगी. त्या दिवशी मात्र ती दवाखान्यात टाहो फोडत होती आणि तिच्या रक्तदाबाचा वरचा आकडा आला एकशे अडतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलीला हा फार आहे. पुन्हा मोजू, एकशे दहाच्या खाली आला तर घरी जा, नाहीतर आजच दाखल करून किडनी तपासायची. आईचा चेहरा पांढराफटक.

मी काही आता गप्प बसणारी राहिलेली नाही. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून माझी जीभ कात्रीसारखी चालते, असं आई सगळ्यांना सांगते. मी सरळ म्हटलं, "सिस्टर, हा पट्टा तान्ह्या बाळाचा वाटतोय. हिच्या दंडाला धड पुरतही नाहीये."

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची साहेबीण. पण मग टेप आणून दंड मोजला आणि कबूल केलं, पट्टा खरंच लहान होता. लहान पट्ट्यात आकडा फुगतो, रडण्यानेही फुगतो. मला तर आकाश ठेंगणं झालं. आईला कोपराने ढोसून म्हटलं, बघ, उगाच घाबरलीस.

मापाचा पट्टा सापडला. भुंगीला आईच्या मांडीवर बसवलं, पायांखाली स्टूल, हाताखाली उशी. पाच मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. भुंगीला गप्प बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, पण मी तिच्या कानात सांगितलं की तू दगड आहेस आणि दगडावर फुलपाखरू बसलंय. ती बसली. पापणीसुद्धा जपून मिटत होती.

एकशे सव्वीस.

जरा थांबून पुन्हा, एकशे चोवीस. तिसऱ्यांदा परत सव्वीस.

आई म्हणाली, अजून एकदा बघा ना. मीही नजर फिरवली. उशी, पट्टा, हात, सगळं जिथल्या तिथे. चूक काढायला मीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. सिस्टर हळूच म्हणाल्या की इतकं नीट मोजणं त्यांच्याकडूनही रोज होत नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाई दाखल करण्याचा कागद लिहू लागल्या, तेव्हा भुंगीने ओठ जेमतेम हलवत विचारलं, "ताई, मी हलले नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग घरी जायचं?"

मी खाली वाकून तिची चप्पल शोधू लागले. ती समोरच होती.