धुण्याच्या खोलीतला दिवा

थोरल्या पुतणीला जुळी झाली त्याच वर्षी टेस्टरकाकांच्या फुफ्फुसांनी हात टेकले. इस्पितळाचं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं, बत्तीस वर्षांपूर्वीचं. त्याचा नकाशा होता तो फक्त त्यांच्या डोक्यात. सोमवारी ते उपटायला माणसं येणार होती, आणि कुठलं पॅनेल बंद केल्यावर कुठल्या वायरीला हात लावायचा, हे धाकटीनं लॅपटॉपवर केलेल्या इस्पितळाच्या मॉडेलवरून ठरवणार होती.

म्हणून धाकटी, त्यांची पुतणी, चार दिवस लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसली होती. पडद्यावरच्या एकेका दिव्यावर बोट ठेवायची. काका दम खात सर्किट सांगायचे. तिनं जोडलं की दिव्यापासून पॅनेलपर्यंत रेघ उमटायची.

"आम्ही भिंती फोडून हात सोलून घेतले. तुझं बरंय, बसल्या जागी वायरिंग!"

"बसून बसून पाठीचा खुळखुळा झालाय, काका."

शनिवारी दुपारी न जोडलेल्यांच्या यादीत एकच नाव उरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या धुण्याच्या खोलीतला दिवा.

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "पुसून टाक तो."

"पुसू कसा? खोलीत आहे की. परवा मजल्याचं पॅनेल बंद केलं, सगळीकडे अंधार, हा मात्र जळतोय. बाकीची पॅनेलं बंद करायला इस्पितळवाले देत नाहीत. कुठून येतोय, काका?"

काकू औषध घेऊन आल्या, तर काका त्यांना म्हणाले, "तू जरा आत जा."

मग हळूच म्हणाले, "लिफ्टच्या पॅनेलवरून. उद्घाटनाच्या सकाळी वायर कमी पडली, जवळची ओढली. आठवड्यात बदलतो म्हटलं. पण साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. मग कुठल्या तोंडानं भिंत फोडू? दुसऱ्या कुणाला शॉक बसू नये म्हणून तिथला बल्ब कायम मीच बदलला, निवृत्त झाल्यावरही. तुझ्या काकूला वाटायचं, दोस्तांना भेटायला जातो."

धाकटीनं दिवा लिफ्टच्या पॅनेलला जोडला, यादी रिकामी झाली. शेजारी शेरा लिहिला : आधी लिफ्टचं पॅनेल बंद करावं.

"माझं नाव घाल त्यात. कुणी जोडला ते."

"कशाला, काका? काम भागलं की."

"नाही भागलं. नाव नसेल तर त्यांना वाटेल पोरीचं चुकलंय. शहाणपणा करून मजल्याचंच बंद करतील, आणि कुणीतरी चिकटेल."

तिनं नाव घातलं. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं.

सोमवारी माणसांनी शेरा वाचला, लिफ्ट थांबवली, मगच दिवा उतरवला. कुणाला ओरखडाही आला नाही. हे धाकटीनं येऊन सांगितलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली.

टेस्टरकाका त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी दोन वाजता वारले.